अर्धवट लिहिलेली कामं

‘गावच्या जमिनीचं बघायचं.’ ही ओळ महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कुणा ना कुणाच्या डायरीत पडून असते. वडील जाऊन काही वर्षं झालेली असतात, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव असतं आणि भावंडं नोकरीनिमित्त चार गावांत पांगलेली असतात. जानेवारीत नवी डायरी आली की ओळ तिच्यात उतरवली जाते, पुढच्या जानेवारीत आणखी पुढच्या डायरीत. डायरीचा मालक आळशी असतो असं मुळीच नाही. तो ऑफिसला वेळेवर पोचतो, विजेचं बिल मुदतीच्या आत भरतो, मुलांच्या फीच्या तारखा त्याला तोंडपाठ असतात. हे एक काम मात्र जागचं हलत नाही. एखाद्या रविवारी ‘आज बघूनच टाकू’ म्हणून तो डायरी उघडतो, ती ओळ वाचतो, आणि मिनिटभरात त्याच्या हातात फोन आलेला असतो.

त्या मिनिटात काय घडलं हे नीट समजलं, तर स्वतःच्या कामांची व्यवस्था कशी लावावी या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं. आपण सहसा दोष फोनला देतो, नाहीतर स्वतःच्या मनोनिग्रहाला. दोन्हींत तथ्य आहे, पण ते नंतरचं. आधी घडलं ते असं, की त्या ओळीने त्याला काहीच सांगितलं नाही. ‘जमिनीचं बघायचं’ म्हणजे खुर्चीवरून उठून नेमकं काय करायचं? कुणाला फोन करायचा, कुठला कागद शोधायचा, की सरळ एसटी पकडून गावाला जायचं? भावाशी बोलायला गेलं तर जुना विषय निघेल का? हा सगळा विचार त्या क्षणी नव्याने करावा लागतो आणि तो नकोसा असतो. फोन उघडल्यावर पुढे काय करायचं, असा प्रश्नच पडत नाही. म्हणून व्यवस्थेची सुरुवात अ‍ॅप निवडण्यापासून किंवा पहाटे उठण्याच्या संकल्पापासून करू नये. काम लिहायचं कसं, इथून करावी, असं मला ठामपणे वाटतं.

चालढकलीचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्यूशा सिरॉइस यांनी २०१३ मध्ये हेच वेगळ्या अंगाने मांडलं. त्यांच्या मते चालढकल करणारा माणूस वेळेच्या हिशेबात चुकतो त्यापेक्षा, कामाचं नाव काढताच मनाला जो जडपणा येतो तो टाळायला धडपडतो. काम पुढे ढकललं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. हे पटलं की स्वतःला बोल लावणं कमी होतं आणि प्रश्न कामाला लागण्याजोगा होतो: हा जडपणा कमी कसा करायचा?

याचा एक धागा शंभरेक वर्षं मागे, बर्लिनला जाऊन पोचतो. लिथुआनियातून आलेल्या ब्लूमा झायगार्निक तिथे कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. हॉटेलातला वेटर बिल चुकतं होईपर्यंत कुणी काय मागवलं ते बिनचूक सांगतो आणि पैसे मिळाले की विसरून जातो, या निरीक्षणातून त्यांच्या प्रयोगाची कल्पना निघाली असं सांगतात. प्रयोगात लोकांना कोडी सोडवणं, मणी ओवणं, मातीच्या आकृत्या करणं अशी छोटी कामं दिली आणि त्यांतली निम्मी मधेच थांबवली. नंतर विचारलं तेव्हा अर्धवट राहिलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांच्या जवळपास दुप्पट आठवली. हे १९२७ मध्ये छापून आलं. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल प्रत्येक वेळी तसाच आला नाही, त्यामुळे ‘दुप्पट’ हा आकडा कुणी नियम म्हणून धरू नये. पण अपुरं काम डोक्यात घर करून बसतं हा अनुभव तुमचाआमचा रोजचा आहे.

मग ते डोक्यातून बाहेर काढायला पूर्णच करावं लागतं का? अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातले ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये या प्रश्नाचं जे उत्तर शोधलं ते फार मोलाचं आहे. त्यांनी लोकांना स्वतःच्या राहून गेलेल्या महत्त्वाच्या कामांची आठवण करून दिली आणि मग एका रहस्यकादंबरीची सुरुवातीची पानं वाचायला दिली. अपेक्षेप्रमाणे त्यांचं लक्ष वाचनावरून सारखं उडत होतं. दुसऱ्या गटालाही तशीच आठवण करून दिली, पण वाचायला बसण्याआधी त्यांच्याकडून ती कामं कधी, कुठे, कशी करणार याचा नेमका बेत लिहून घेतला. त्या गटाचं मन शांतपणे वाचनात लागलं. एकाचंही काम झालेलं नव्हतं. फक्त ते कसं होणार हे ठरलं होतं, आणि मनाला तेवढं पुरलं. म्हणजे मन आपल्याकडून काम संपवून मागत नाही. कुणीतरी ते अंगावर घेतलंय एवढी खात्री मागतं. ‘जमिनीचं बघायचं’ या ओळीतून ती खात्री मिळत नाही, म्हणून ते काम डायरीतही राहतं आणि डोक्यातही.

आता ती ओळ उलगडून बघू. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची, म्हणजे आधी मृत्यूचा दाखला हवा. तो जिथे मृत्यू झाला तिथल्या ग्रामपंचायतीकडून, नगरपालिकेकडून किंवा महापालिकेकडून मिळतो. तो गावीच मिळेल असं नाही. मग चालू सातबारा हवा. डिजिटल सही असलेला उतारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नाती लिहून प्रतिज्ञापत्र करावं लागतं. लग्न होऊन गेलेल्या बहिणीही वारस असतात, आणि बऱ्याच घरांत काम अडतं ते याच ठिकाणी, कागदावर नव्हे. मग अर्ज. तो तलाठ्याकडे द्यायचा, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करायचा. त्यावर फेरफार नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत ही वर्दी द्यायची असते, हे बहुतेकांना उशिरा कळतं.

एवढं सगळं त्या तीन शब्दांत दडलेलं होतं. पण रविवारी सकाळी यातलं फक्त एक पाऊल ठरवायचं आहे. डायरीत लिहायचं ते असं: ‘शनिवारी सकाळचा चहा झाला की ताईला फोन. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत तिच्याकडे आहे का? नसेल तर हॉस्पिटल कुठल्या वॉर्डात होतं ते विचारायचं.’ बस. ही ओळ वाचल्यावर विचार करत बसावं लागत नाही. फोन पाच मिनिटांचा आहे आणि तो झाला की पुढची ओळ आपोआप सुचते. काम दहा टप्प्यांचं असलं तरी यादीत एका वेळी त्याचा एकच टप्पा असावा. उरलेले नऊ त्या कामाच्या स्वतंत्र पानावर.

‘शनिवारी सकाळचा चहा झाला की’ हे शब्द मी सजावटीला घातलेले नाहीत. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दाखवून दिलं, की ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ अशा साच्यात केलेला बेत नुसत्या निश्चयापेक्षा कितीतरी जास्त वेळा प्रत्यक्षात उतरतो. या संदर्भात इंग्लंडमध्ये व्यायामाविषयी झालेलं आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन मला नेहमी आठवतं. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात एकदा तरी नीट व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाचे हृदयाला होणारे फायदे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. त्यांचं प्रमाण ३५ टक्के. तिसऱ्या गटाला तोच मजकूर दिला आणि शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहायला लावलं. त्यांच्यातल्या ९१ टक्के लोकांनी केला. प्रेरणादायी भाषणांवर आणि सुविचारांवर आपण जो वेळ घालवतो त्याबद्दल हे आकडे पुष्कळ सांगून जातात. पटलेलं तर दुसऱ्या गटालाही होतं. त्यांच्याकडे वार आणि वेळ नव्हती.

काम लिहिताना आणखी एक पथ्य आहे. ते मला पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत कोशाच्या कामात अतिशय ठसठशीत दिसतं. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये हा प्रकल्प हाती घेतला. ऋग्वेदापासून पुढच्या हजारो वर्षांतल्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचायचे आणि प्रत्येक वापराची एक चिठ्ठी करायची, असं ते काम. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या लिहिण्यात पंचवीसेक वर्षं गेली, कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि संपादन पुढे दशकानुदशकं चालू राहिलं. ज्यांनी पन्नासच्या दशकात चिठ्ठी लिहिली ते विद्वान आज शंका विचारायला हजर नाहीत. तरीही आजचा संपादक खण ओढून तीच चिठ्ठी वापरू शकतो, कारण शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातली नेमकी जागा तिच्यावर लिहिलेली आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने ‘हे मला कळतंय की’ असं म्हणून काही गाळलं नाही.

आपण मात्र यादी लिहिताना नेमकं तेच करतो. ‘देशपांडे – फाइल’ असं लिहिताना सगळं स्वच्छ दिसत असतं. आठ दिवसांनी तीच ओळ वाचणारा माणूस परका असतो. कुठले देशपांडे, फाइल द्यायची की आणायची, कशासाठी, हे त्याला पुन्हा आठवावं लागतं आणि आठवत नाही म्हणून तो ओळ सोडून पुढे जातो. क्रियापद लिहावं, माणसाचं पूर्ण नाव लिहावं, फोन नंबर लागणार असेल तर शेजारीच लिहावा. दहा सेकंद जास्त लागतात, पण ती लिहिताना हाताशी असतात. वाचताना नसतात.

हे सगळं लिहायचं कुठे? माणसाला एका वेळी जेमतेम चार गोष्टी मनात जाग्या ठेवता येतात, असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन मांडलं. त्याआधी जॉर्ज मिलर यांचा १९५६ मधला ‘सात, दोन कमी किंवा दोन जास्त’ हा आकडा प्रसिद्ध होता. चार असोत की सात, घर आणि नोकरी मिळून कामं साठ-सत्तर असतात. बाहेर कुठेतरी लिहावीच लागतात, आणि आपल्याकडच्या दुकानांत आणि पेढ्यांवर याची एक उत्तम रीत फार पूर्वीपासून चालत आली आहे. दिवसभरातला व्यवहार घडेल तसा, तारखेखाली, रोजकीर्दीत लिहायचा. तिथे वर्गवारी करत बसायचं नाही. मग वर्दळ ओसरली की तिथली एकेक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. गिऱ्हाईक समोर उभं असताना कुणी खतावणी चाळत नाही, आणि कीर्दीतल्या नोंदी महिनाभर खतावणीविना कुणी ठेवत नाही.

कामांसाठीही दोनच वह्या पुरतात. पहिली खिशात किंवा फोनवर, सतत हाताशी. साहेबांनी जाता जाता सांगितलेलं, आईने फोनवर सांगितलेलं, अंघोळ करताना सुचलेलं, सगळं एकाखाली एक तिच्यात. अट एवढीच की ही जागा एकच असावी. अर्धं व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेलं, अर्धं बिलाच्या मागे, थोडं ऑफिसच्या मेलमध्ये आणि उरलेलं फ्रिजवर चिकटवलेलं असलं, की मनाचा कशावरच भरवसा बसत नाही आणि ते पुन्हा सगळं स्वतःच धरून ठेवायला लागतं. दुसरी वही ही खतावणी: एकेका मोठ्या कामाला एक पान, आणि एक पान ‘येणं’ असलेल्या गोष्टींचं. कुणाकडून कागद यायचा आहे, कुणी ‘बघून सांगतो’ म्हणालंय, कुणाला उसनं दिलेलं पुस्तक परत यायचं आहे, ते तारखेसकट तिथे. हे शेवटचं पान बहुतेक लोक ठेवत नाहीत. माझ्या मते ते सगळ्यांत उपयोगी आहे, कारण अडलेल्या कामांतली निदान निम्मी आपल्या हातात नसतात, आणि कुणाच्या मागे लागायचं हेच आपण विसरलेलो असतो.

वही कागदाची असावी की फोनमधली, यावर मंडळी तावातावाने वाद घालतात. मला त्यात फारसं हशील दिसत नाही. जी रोज उघडली जाते ती चांगली.

खरा जीव आहे तो कीर्दीतून खतावणीत चढवण्याच्या वेळेत. ती वेळ ठरलेली नसेल तर वह्या कितीही सुबक असोत, पंधरा दिवसांत त्या मरतात. संध्याकाळी ऑफिस सोडण्याआधीची दहा मिनिटं याला उत्तम. दिवसभराच्या नोंदी वाचायच्या, प्रत्येकीला विचारायचं की हे खरंच करायचं आहे का, असेल तर पुढचं पाऊल कुठलं आणि कधी. आठवड्यातून एकदा जरा मोठी बैठक घालावी आणि सगळी पानं नजरेखालून काढावीत. डेव्हिड अ‍ॅलन यांच्या २००१ मध्ये आलेल्या आणि जगभर वाचल्या गेलेल्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकाचाही सगळा डोलारा या साप्ताहिक तपासणीवर उभा आहे. त्याच पुस्तकातला ‘दोन मिनिटांत होणारं काम लगेच करून टाका’ हा नियम फार लोकप्रिय झाला आणि फार चुकीचा वापरला गेला. तो नोंदी निवडायला बसलेल्या वेळेपुरता आहे. दिवसभर जो दोन-दोन मिनिटांची कामं लगेच करत सुटतो त्याच्या हातून दुसरं काही होत नाही.

या बैठकीत उद्याची यादीही करायची, आणि इथे आपण सगळेच भाबडे असतो. १९९४ मध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज होता ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती लागतील, यावर उत्तर आलं ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. वाईटात वाईट धरूनसुद्धा अंदाज कमीच पडला, कारण अंदाज करताना आपण काम कसं पार पडेल याची गोष्ट मनात रचतो, आणि त्या गोष्टीत ताप येत नाही, प्रिंटर बंद पडत नाही. यावर साधा उपाय म्हणजे पुढचा अंदाज मागच्या अनुभवावरून करायचा. गेल्या वेळी आयकराचं विवरणपत्र भरायला दोन संध्याकाळी गेल्या असतील, तर यंदाही दोनच धराव्यात. ‘यंदा सगळे कागद तयार आहेत’ हे मागच्या वर्षीही वाटलंच होतं. दिवसाच्या यादीत मोठी कामं दोन, फार तर तीन. बाकीचा वेळ अचानक येणाऱ्या गोष्टी खातात, त्यांना जागा ठेवलेली बरी.

एवढं झाल्यावर फोनकडे वळू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसात काम करणाऱ्यांच्या लक्षाची मोजदाद केली, सुरुवातीला त्यांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन बसून आणि पुढे संगणकातल्या नोंदींवरून. २००४ च्या सुमारास माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता, २०१२ मध्ये सव्वा मिनिट, आणि अलीकडच्या मोजण्यांत ४७ सेकंद. त्यांचाच आणखी एक आकडा सगळीकडे फिरतो: व्यत्यय आला की लक्ष परत यायला २३ मिनिटं लागतात. तो जरा चुकीचा सांगितला जातो. त्यांनी पाहिलं ते असं, की अडलेल्या कामाकडे माणूस साधारण २३ ते २५ मिनिटांनी परत येतो, आणि मधल्या काळात तो दुसरी एकदोन कामं करून आलेला असतो. म्हणजे तो बधिर होऊन बसलेला नसतो, भलतीकडे गेलेला असतो. याहून मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं दुसरं निरीक्षण: बाहेरून कुणी व्यत्यय आणतं जवळपास तितक्याच वेळा माणूस स्वतःच स्वतःचं काम तोडतो. कुणी हाक मारलेली नसते, फोन वाजलेला नसतो. काम जिथे अवघड किंवा धूसर होतं, नेमक्या तिथे हात फोनकडे जातो.

म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा हे खरं असलं तरी तेवढ्याने भागत नाही. हात फोनकडे जाऊ लागला की त्या क्षणी विचारावं, की मी कुठे अडलोय? पुष्कळदा उत्तर मिळतं: पुढचं वाक्य सुचत नाहीये, आकडा सापडत नाहीये, कुणाला विचारायला लाज वाटतेय. ते एका ओळीत लिहिलं की धूसर काम पुन्हा नेमकं होतं आणि उठण्याची ओढ बऱ्याचदा विरते. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना, १९८० च्या दशकाच्या शेवटी, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून २५ मिनिटांच्या तुकड्यांत अभ्यास करण्याची जी पद्धत काढली, तिचा गुणही मला हाच वाटतो. पंचवीस या आकड्यात काही जादू नाही; चाळीसही चालतील. घड्याळ लावण्याआधी ‘या तुकड्यात नेमकं काय करणार’ हे ठरवावं लागतं, ते कामाचं.

फोनवरच्या सूचनांचा किणकिणाट सरसकट बंद करावा, की नाही? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना फोनवरच्या सूचना नेहमीसारख्या आल्या, काहींना दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा, आणि काहींना अजिबात नाही. तीन वेळावाल्यांचं लक्ष आणि मनःस्थिती दोन्ही सुधारली. अजिबात बंदवाल्यांची मात्र धाकधूक वाढली. आपल्याला काही कळायचं राहतंय या भीतीने ते बेजार झाले. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप यांना दिवसातून तीन ठरलेल्या वेळा द्याव्यात आणि घरच्या चार माणसांचे फोन मात्र कधीही वाजू द्यावेत, हे मला त्यावरून व्यवहार्य वाटतं.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. या विषयावरची बहुतेक पुस्तकं ज्याला दार लावून बसता येतं अशा माणसासाठी लिहिलेली आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात होता आणि पुरुषांचा ९७. पाण्याची वेळ सकाळी साडेसहाची, सिलिंडरवाला कधीही, सासूबाईंची गोळी जेवणाआधी, मुलाची बस साडेबाराला. अशा घरात बसून जी शिकवण्या घेते, भाषांतरं करते किंवा परीक्षेचा अभ्यास करते तिला ‘सलग तीन तास राखून ठेवा’ हा सल्ला जखमेवर मीठ चोळतो. तिच्याकडे व्यत्यय अपवादाने येत नाही. दिवस त्याचाच बनलेला असतो. घरातली कामं वाटून घेणं हाच यावरचा खरा उपाय, आणि तो कुठल्याही वहीत सापडणार नाही. तो घरातल्या पुरुषांनी करायचा आहे. पण तोवर हातात असलेलं एक साधन सोफी लेरॉय यांच्या संशोधनातून मिळतं.

लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अपुरं काम सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच रेंगाळतो आणि दुसरंही नीट होत नाही. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि टेरेसा ग्लोम यांनी एक सोपा उपाय तपासला. उठावं लागतंय असं दिसताच मिनिटभरात दोन गोष्टी लिहायच्या: मी कुठवर आलेय, आणि परत आल्यावर पहिली कृती कुठली. असं करणाऱ्यांचं लक्ष पुढच्या कामात लवकर आणि जास्त लागलं. ‘तिसऱ्या परिच्छेदातली तारीख तपासायची, मग चौथा सुरू’ एवढं वहीच्या कडेला खरडलं की बेल वाजल्यावर निश्चिंत उठता येतं. ज्यांचा दिवस वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांचा आहे त्यांच्यासाठी ही सवय बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा मोठी आहे. परिचारिका, दुकानदार, बँकेतल्या खिडकीवर बसणारे, सगळ्यांना ती लागू पडते.

आणि ही सगळी घडी विस्कटतेच. घरात लग्न निघतं, कुणी दवाखान्यात भरती होतं, गणपती येतात, मार्चअखेर येतो. तीन आठवडे कीर्द कोरी राहते. त्यानंतर बरेच जण ‘मागचं सगळं भरून काढू, मग सुरू करू’ म्हणतात आणि ते कधीच होत नाही. त्यापेक्षा आजची तारीख घालून कोऱ्या पानावर आजच्या नोंदी सुरू कराव्यात. संध्याकाळी खतावणीची पानं एकदाच चाळावीत. मुदत उलटून गेलेली कामं खोडावीत. कुणाला उत्तर द्यायचं राहून गेलं असेल तर त्या माणसाला सगळ्यांत आधी फोन करून सांगावं की उशीर झाला, अमुक तारखेला देतो. उरलेल्यांतलं एकच काम उद्यासाठी घ्यावं, त्याचं पुढचं पाऊल क्रियापदासकट लिहावं आणि बाकीची पानं शनिवारच्या बैठकीपर्यंत मिटून ठेवावीत.